ऐंशी कांद्यांचा वारंवारता बहुभुज

वर्गमध्य (प्रत्येक वर्गाची मधली किंमत) काढा, बिंदू मांडा, पट्टीने जोडा, दोन्ही टोकं अक्षाला टेकवा. दहावीच्या सांख्यिकीत वारंवारता बहुभुज, म्हणजे प्रत्येक वर्गात किती नोंदी आहेत ते दाखवणारा रेघांचा आलेख, एवढ्यात उरकतो आणि गुणही मिळतात. पण बिंदू वर्गमध्यावरच का, टोकं अक्षाला का टेकवायची, उभा अक्ष शून्यापासूनच का सुरू करायचा, असं विचारलं की हुशार मुलंही गप्प होतात. या तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच आहे: बहुभुजाखालचं क्षेत्रफळ. ते पक्कं झालं की नियम पाठ करावे लागत नाहीत, आणि पाठ्यपुस्तकात नसलेली माहिती समोर आली तरी कुठे काय चुकतंय ते स्वतःलाच दिसतं.

सरावासाठी एक उदाहरण रचू. कांद्याच्या प्रतवारीत व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. समजा, एका ढिगातून न निवडता ८० कांदे उचलले, व्यास मोजले आणि जवळच्या पूर्ण मिलिमीटरपर्यंत लिहिले. सारणी अशी आली:

३५–३९ मिमी : ६ कांदे
४०–४४ मिमी : १४
४५–४९ मिमी : २४
५०–५४ मिमी : २०
५५–५९ मिमी : ११
६०–६४ मिमी : ५

हे वर्ग समावेशक पद्धतीचे आहेत, म्हणजे दोन्ही टोकांच्या किमती त्याच वर्गात धरलेल्या. ३९ आणि ४० यांच्यामध्ये फट दिसते, पण व्यास ३९ वर थांबून ४० वर उडी मारत नाही. ३९.३ मिमीचा कांदा ३९ म्हणून लिहिला गेला आणि ३९.७ चा ४० म्हणून. म्हणून खऱ्या वर्गसीमा ३४.५–३९.५, ३९.५–४४.५ अशा. वर्गमध्य मात्र दोन्ही रीतींनी तोच येतो. ३५ आणि ३९ यांची सरासरी ३७, ३४.५ आणि ३९.५ यांचीही ३७. त्यामुळे नुसता बहुभुज काढायचा असेल तर सीमा बदलून घेण्यात वेळ घालवायची गरज नाही. आयतालेखही (प्रत्येक वर्गावर वारंवारतेएवढ्या उंचीचा आयत) काढायचा असेल तर मात्र त्या बदलाव्याच लागतात, नाहीतर आयतांमध्ये फटी पडतात.

इथे एक गोष्ट शाळेत सहसा सांगितली जात नाही. वय आपण जवळच्या वर्षापर्यंत सांगत नाही, पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. चोवीस वर्षं अकरा महिने वयाचा माणूस २४ च सांगतो. म्हणजे २०–२४ या वयोगटात प्रत्यक्षात २० पासून २५ च्या अलीकडपर्यंतचे सगळे येतात आणि त्याचा वर्गमध्य २२ नव्हे, २२.५ होतो. परीक्षेत पाठ्यपुस्तकाची रीत वापरावी. खऱ्या माहितीवर काम करताना मात्र नोंद कशी झाली हे आधी विचारावं. अर्ध्या वर्षाचा हा फरक अख्खा बहुभुज बाजूला सरकवतो.

आता आलेख कागद. वर्ग ५ मिमीचे आहेत आणि टोकांचे दोन काल्पनिक वर्ग धरून ३२ पासून ६७ पर्यंत जायचं आहे. क्ष-अक्षावर २ सेमी = ५ मिमी व्यास असं प्रमाण घ्या. एका वर्गाला २ सेमी मिळाले की वर्गमध्य आणि वर्गसीमा, दोन्ही कागदावरच्या जाड रेघांवर येतात. १ सेमी = ५ मिमी घेतलं तर दोघांपैकी एक अर्ध्या सेंटिमीटरवर जातं आणि बारीक रेघा मोजताना चूक होते. य-अक्षावर १ सेमी = २ कांदे. बहुभुज १४ सेमी रुंद आणि १२ सेमी उंच होतो, कागदावर नीट मावतो. प्रमाण उजव्या वरच्या कोपऱ्यात लिहायचं आणि दोन्ही अक्षांना नाव द्यायचं, एककासह. नुसतं ‘वर्ग’ आणि ‘वारंवारता’ लिहून भागत नाही. वाचणाऱ्याला व्यास मिमीमध्ये आहे हे कळायला हवं.

क्ष-अक्षावर शून्य ते ३२ हा पट्टा रिकामाच जाणार, म्हणून आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करून तो गाळतात. वर्गात तिला क्रिंक मार्क म्हणतात. ही खूण आडव्या अक्षावर चालते, उभ्यावर कधीही नाही. आडव्या अक्षावर आपण रिकामी जागा गाळतो. उभ्या अक्षावर गाळलं तर आकृतीचा खालचा भागच कापला जातो, आणि ६ कांद्यांचा वर्ग २४ कांद्यांच्या वर्गाच्या चौथाई उंचीचा दिसायचा तो दहाव्या भागाएवढाही दिसू शकतो.

मांडायचे बिंदू: (३२, ०), (३७, ६), (४२, १४), (४७, २४), (५२, २०), (५७, ११), (६२, ५), (६७, ०). टोकदार पेन्सिलीने मांडा आणि लगतचे बिंदू पट्टीनेच जोडा. हाताने गोलाई दिली की तो वारंवारता वक्र होतो, ती वेगळी आकृती आहे. बिंदू वर्गाच्या वरच्या सीमेवर मांडण्याची चूक फार दिसते. ती संचित वारंवारता वक्रातून येते. तिथे ‘इतक्यापेक्षा कमी’ असं मोजतात, म्हणून बिंदू वरच्या सीमेवर बसतो. बहुभुजात तसं केलं तर सगळी आकृती अर्धा वर्ग उजवीकडे जाते, म्हणजे प्रत्येक कांदा अडीच मिमी फुगतो.

आता क्षेत्रफळाकडे येऊ. याच माहितीचा आयतालेख काढला तर प्रत्येक आयताची रुंदी ५ आणि उंची वारंवारतेएवढी, म्हणजे एकूण क्षेत्रफळ ५ × ८० = ४००. आयतालेखावर बहुभुज काढताना आपण लगतच्या आयतांच्या वरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडतो. १४ आणि २४ उंचीचे दोन आयत घ्या. जोडणारी रेघ ४४.५ या सीमेवर १९ उंचीवर असते. उंच आयताचा वरचा कोपरा कापला जातो: पाया २.५ आणि उंची ५ असलेला त्रिकोण, क्षेत्रफळ ६.२५. ठेंगण्या आयताच्या डोक्यावर नेमका तेवढाच त्रिकोण भरला जातो. दोन्ही त्रिकोण एकरूप. बिंदू वर्गमध्यावर आहेत म्हणूनच हे जमतं. ते थोडे जरी सरकले तरी कापलेलं आणि भरलेलं यांचा मेळ बसत नाही.

टोकांनाही हाच हिशेब लागू होतो. पहिल्या आयताचा डावा अर्धा भाग, ३४.५ ते ३७, याचं क्षेत्रफळ २.५ × ६ = १५. शेवटच्या आयताचा उजवा अर्धा भाग २.५ × ५ = १२.५. रेघ पहिल्या बिंदूवर सुरू करून शेवटच्या बिंदूवर सोडून दिली तर ४०० पैकी २७.५ एवढं क्षेत्रफळ गळतं, म्हणजे साडेपाच कांदे. काही मुलं टोक ३४.५ वर आणि ६४.५ वर टेकवतात. तेव्हा १३.७५ गळतं, पावणेतीन कांदे. डावीकडचा काल्पनिक वर्ग ३०–३४ धरून त्याच्या मध्यावर, ३२ वर, रेघ टेकवली की तिथला त्रिकोण १/२ × ५ × ६ = १५ होतो. जेवढं हवं होतं नेमकं तेवढं. उजवीकडे ६७ वर टेकवून १२.५. बहुभुजाच्या आत पुन्हा ऐंशी कांदे बसतात.

वर्ग ०–१० पासून सुरू होत असतील तर अडचण येते. आधीचा वर्ग −१० ते ० आणि त्याचा मध्य −५. उणे गुण किंवा उणे पगार कुणाला नसतो, म्हणून तिथे रेघ न्यायला मुलं बिचकतात. काही पाठ्यपुस्तकांत रेघ −५ च्या दिशेने नेऊन य-अक्षाला भेटली की तिथेच थांबवतात आणि अक्षावरूनच आरंभबिंदूपर्यंत येतात. आकृती त्यानेही बंद होते, पण डावीकडचा छोटा त्रिकोण सुटतो. माझ्या मते −५ पर्यंत जाणं जास्त प्रामाणिक आहे. तो बिंदू कुणाचा उणे गुण दाखवत नाही, फक्त क्षेत्रफळ पुरं करतो.

वर्गांतरं असमान असतील तर इथेच सावध व्हायचं. समजा, वरच्या सारणीत शेवटचे दोन वर्ग एकत्र करून ५५–६४ : १६ असं लिहिलं. वर्गमध्य ५९.५. तिथे १६ उंचीवर बिंदू मांडला तर मोठ्या कांद्यांचा भाग आहे त्याच्या दुप्पट भासतो. १० मिमीच्या वर्गातले १६ म्हणजे ५ मिमीमागे ८, म्हणून बिंदू (५९.५, ८) वर. सूत्र म्हणून: वारंवारता भागिले त्या वर्गाची रुंदी, गुणिले सर्वांत लहान रुंदी. एवढं करूनही असमान वर्गांत बहुभुजाचं क्षेत्रफळ आयतालेखाशी तंतोतंत जुळत नाही, कारण कापलेला आणि भरलेला त्रिकोण आता एकरूप राहत नाहीत. अशा वेळी आयतालेखच काढावा. आणि ‘६५ आणि त्यापुढे’ असा उघडा वर्ग असेल तर त्याला मध्यच नाही. भारताच्या जनगणनेत पाच-पाच वर्षांच्या वयोगटांच्या सारण्या ८० च्या पुढे अशा उघड्या असतात. तिथे शेवटचा वर्ग गाळून तसं आलेखाखाली लिहावं, किंवा गृहीत धरलेली वरची मर्यादा स्पष्ट सांगावी.

काढणं झालं, आता वाचणं. पहिली सवय मोडायची ती रेघेवरून मधली किंमत वाचण्याची. ४४.५ वर रेघ १९ दाखवते, म्हणून ४४.५ मिमीचे १९ कांदे आहेत असं नाही. (४७, २४) चाही अर्थ ४७ मिमीचे २४ कांदे असा होत नाही. ४४.५ ते ४९.५ या वर्गात मिळून २४ आहेत. तापमान आणि वेळ यांच्या आलेखात दोन बिंदूंमधल्या रेघेला जो अर्थ असतो तो इथे नाही. इथे अर्थ आहे तो रेघेखालच्या जागेला.

शिखराचंही तसंच. बहुभुजाचं शिखर कायम एखाद्या वर्गमध्यावरच असतं, इथे ४७ वर. बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा येणारी किंमत, सूत्राने काढला तर ४४.५ + (१०/१४) × ५, म्हणजे साधारण ४८.०७ येतो. बहुलकीय वर्गाच्या उजव्या शेजाऱ्यात २० आणि डाव्यात १४ कांदे आहेत, म्हणून तो उजवीकडे ओढला जातो. शिखर कुठल्या वर्गात आहे एवढंच बहुभुज सांगतो. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) ४८.६७ आणि मध्य (सरासरी) ४८.९४. बहुलक, मध्यक, मध्य असे चढत्या क्रमाने आले, म्हणजे वितरण किंचित उजवीकडे झुकलेलं: शिखरापर्यंत चढ तीव्र, पुढे उतार लांब. आकडेमोड करण्याआधीच हा अंदाज आकृतीवरून बांधायची सवय लावावी आणि मग पडताळावं.

पण या झुकण्यावर किती भरवसा ठेवायचा? तेच ८० कांदे १० मिमीच्या वर्गांत घाला: ३५–४४ मध्ये २०, ४५–५४ मध्ये ४४, ५५–६४ मध्ये १६. शिखर ४७ वरून ४९.५ वर गेलं, आणि आता डावा खांदाच उजव्यापेक्षा जड दिसतो. एकही कांदा बदललेला नाही. उलट १-१ मिमीचे वर्ग घेतले तर करवतीचे दात दिसतात आणि आकार हरवतो. वर्ग किती घ्यावेत यासाठी हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये दिलेलं सूत्र अजून वापरतात: १ + ३.३२२ × नोंदींच्या संख्येचा १० पायाचा लॉगॅरिदम. ८० साठी ते ७.३ येतं, म्हणजे सहा-सात वर्ग ठीक. मी त्याला फक्त सुरुवात मानतो. दोन वेगवेगळ्या रुंद्यांनी बहुभुज काढून जे दोन्हींत टिकतं तेवढ्यावरच बोलावं.

बहुभुजाची खरी गरज तुलनेत आहे. एकाच कागदावर दोन आयतालेख काढले तर एकमेकांवर चढतात आणि काही कळत नाही. दोन बहुभुज मात्र दोन रंगांत, किंवा एक सलग आणि एक तुटक रेघेत, सहज वाचता येतात. समजा, दुसऱ्या ढिगातून १२० कांदे घेतले आणि त्याच वर्गांत वारंवारता आली २४, ४२, ३०, १५, ६, ३. हे आकडे तसेच मांडले तर ४७ वर दुसरा ढीग ३० आणि पहिला २४, म्हणजे दुसऱ्यात या मापाचे कांदे जास्त, असं वाटतं. पण एक ८० चा आणि दुसरा १२० चा. दोन बहुभुजांची क्षेत्रफळंच वेगळी, तुलना कसली? म्हणून आधी टक्केवारी काढा. पहिला: ७.५, १७.५, ३०, २५, १३.७५, ६.२५. दुसरा: २०, ३५, २५, १२.५, ५, २.५. आता ४७ वर पहिला ३० आणि दुसरा २५, चित्र उलटलं. दोन्ही रेघा साधारण ४६ मिमीपाशी एकमेकींना छेदतात. त्याच्या डावीकडे दुसऱ्या ढिगाचा वाटा मोठा, उजवीकडे पहिल्याचा. ४५ मिमी आणि वरचा माल हवा असेल तर पहिल्यात तो ७५ टक्के आहे, दुसऱ्यात ४५. हे शेवटचे दोन आकडे सारणीतून घ्यायचे. छेदनबिंदू नजरेला दिशा देतो, नेमकी संख्या देत नाही.

दोन्ही ढीग एकत्र केले तर काय होतं तेही काढून पाहा: ३०, ५६, ५४, ३५, १७, ८. शिखरं वेगळ्या वर्गांत असलेले दोन ढीग मिसळले, तरी दोन शिखरं दिसत नाहीत. एकच रुंद माथा येतो, ५६ आणि ५४ असा. दोन शिखरं दिसली तर माल मिसळलेला असण्याची शक्यता तपासावी हे बरोबर आहे. पण एकच शिखर दिसलं म्हणून माल एकजिनसी, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

खऱ्या माहितीवर सराव हवा असेल तर एक जुनी सारणी फार चांगली आहे. बेल्जियमचे ॲडॉल्फ केटले यांनी १८४६ मध्ये ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं छापली. ३३ ते ४८ इंचांपर्यंत क्रमाने वारंवारता अशी: ३, १८, ८१, १८५, ४२०, ७४९, १०७३, १०७९, ९३४, ६५८, ३७०, ९२, ५०, २१, ४, १. मापं पूर्ण इंचांत आहेत, म्हणजे ४० हा ३९.५–४०.५ या वर्गाचा मध्यच. वर्गमध्य काढायचे कष्ट नाहीत, टोकं ३२ आणि ४९ वर. य-अक्षावर १ सेमी = १०० घ्या. घंटेचा आकार जवळजवळ पूर्ण उमटतो, माथा ३९ आणि ४० वर सपाट. मग उजवी बाजू बारकाईने पाहा: ३७० वरून रेघ एकदम ९२ वर कोसळते आणि पुढे ५० वर सावकाश जाते. डावीकडे १८५ ते ४२० असा चढ आहे, इतका मोठा तुटका कडा नाही. अशी मोड दिसली की कारण रचण्याआधी मूळ नोंदींकडे आणि नकलेकडे वळायचं. आयतालेखातही ती दिसते, पण बहुभुजात रेघेचा उतार बदलल्यामुळे पटकन डोळ्यांत भरते.

मोजण्याची सवय कशी दिसते ते पाहायचं तर जनगणनेतली एकेक वर्षाची वयं घ्यावीत. ३०, ३५, ४०, ४५, ५० वर सुळके येतात आणि आजूबाजूला खळगे, कारण नेमकं वय माहीत नसलं की माणूस पाच-दहाच्या पटीतला आकडा सांगतो. इथे दात दिसतात ते लोकसंख्येचे नव्हेत, उत्तराच्या पद्धतीचे. पाच वर्षांचे वर्ग केले की बरेचसे दात बुजतात.

संगणकावर काढायचा तर एक्सेलमध्ये लाइन चार्ट घेऊ नका. तो वर्गमध्यांना नुसती लेबलं समजतो आणि असमान अंतरंही समान करून टाकतो. स्कॅटर चार्टमधला सरळ रेघांचा प्रकार निवडा, गुळगुळीत रेघांचा नको. शून्य वारंवारतेच्या दोन ओळी स्वतः भरा, तो त्या आपणहून घालत नाही. वारंवारता मोजायला फ्रिक्वेन्सी हे सूत्र वापरत असाल तर ते सीमेवरची किंमत खालच्या वर्गात धरतं, तर आपल्या असमावेशक पद्धतीत ४० हा आकडा ३०–४० मध्ये न धरता ४०–५० मध्ये धरतात. किमती पूर्णांक असतील तर सूत्राला सीमा ३९.५, ४९.५ अशा द्या, म्हणजे सीमेवर एकही किंमत पडत नाही. शेवटी वारंवारतांची बेरीज ८० येते का ते पाहा. सर्वांत वरच्या सीमेच्या पलीकडे गेलेले कांदे सूत्र एका जादा खान्यात टाकतं, आणि तो खाना निवडायचा राहिला तर ते आलेखातून नाहीसे होतात.